दहा वर्षं चालेल अशी गाडी

गाडीखाली डोकं घालून स्टोअरबाई जे बोलल्या ते शोरूममधल्या कोणालाच नीट ऐकू आलं नाही, पण ते चांगलं नव्हतं एवढं आवाजावरून सगळ्यांना कळलं.

गाडी कोरी करकरीत होती. गोल फिरत्या चबुतऱ्यावर उभी होती, वरून तिच्यावर दिवे सोडले होते, आणि मागच्या चाकापाशी सत्तरीकडे झुकलेली एक बाई गुडघे टेकून, चष्मा कपाळावर सरकवून, हातातल्या टॉर्चने तिच्या बुडाखाली बघत होती. चबुतरा फिरत होता, त्यामुळे बाईंनाही गुडघ्यांवर सरकत जावं लागत होतं.

"हे आधी थांबवा," त्या ओरडल्या. "गाडी विकताय की जत्रेतला पाळणा?"

चबुतरा थांबला. विक्रेता वाकला. गळ्यात टाय, छातीवर ओळखपत्र आणि तोंडावर कधीच न सुकणारं हसू. "मॅडम, उठा ना. कपडे खराब होतील."

"कपडे धुता येतात. हा जोड असा उघडा का? इथे रंग मारायचा कंटाळा आला का तुमच्या कंपनीला?"

"मॅडम, तिथे कोणी बघत नाही."

"म्हणून तर मी बघते आहे."

एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये उभी हयात घालवल्यामुळे त्या सगळ्या जगाच्या स्टोअरबाई झाल्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी शेजारी, वाणी आणि चिडवायचं असेल तेव्हा खुद्द नवराही त्यांना स्टोअरबाईच म्हणत असे. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. मोठमोठे सर्जन स्टोअरच्या खिडकीशी येऊन आवाज खाली करत. बाई उगाच कोणावर चिडत नसत हे मात्र त्यांचे वैरीही कबूल करत. एकदा हातमोज्यांचा एक नवा पुरवठादार आला. त्याने आणलेला नमुना इतका सुरेख की वरच्या साहेबांनी तिथल्या तिथे मान डोलावली. बाई म्हणाल्या, "नमुना चांगलाच असतो साहेब. वाईट नमुना कोण आणतं? मला याचा तिसऱ्या खेपेचा माल बघू द्या." साहेब हसले. तिसऱ्या खेपेला एका नर्सच्या अंगठ्यापाशी मोजा फाटला आणि पेशंटचं रक्त तिच्या नखात गेलं. बाईंनी त्या खेपेचं अख्खं खोकं साहेबांच्या टेबलावर ओतलं आणि त्यांच्या देखत एकेक मोजा अंगठा घालून फाडत बसल्या. साहेब म्हणाले, पुरे. बाई म्हणाल्या, अजून खोकं संपलं नाही.

स्टोअरमध्ये त्यांची मांडणीची एक पद्धत होती. जे फार लागतं ते हाताच्या उंचीवर, ढिगाने. कापूस, पट्ट्या, सलाईन, सुया. जे क्वचित लागतं ते वर, एक-दोन नग. बाई म्हणायच्या, दारात उभं राहून नुसती फळी बघितली तरी हॉस्पिटलात काय चाललं आहे ते मी सांगते. उलट्या-जुलाबांची साथ आली, फळी सांगायची. रस्त्यावर मोठा अपघात झाला, फळी सांगायची. फळीने त्यांना कधी फसवलं नव्हतं.

आणि आता त्यांना गाडी घ्यायची होती.

हौस म्हणून नव्हे. त्यांचे यजमान मास्तर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बारीक अंगाचे, हसतमुख, सगळ्या गोष्टींची चेष्टा करणारे. त्यांची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी कामातून गेली. तेव्हापासून दर एक दिवसाआड त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला डायलिसिसला न्यावं लागे. सुरुवातीला भाड्याची टॅक्सी केली. जाताना ठीक असे. येताना मास्तरांचा रंग पांढराफटक, कधी हातावरच्या पट्टीतून रक्त झिरपलेलं, कधी उलटी. एका टॅक्सीवाल्याने सीट खराब होईल म्हणून अर्ध्या वाटेत दोघांना उतरवलं. बाईंनी त्याच्या गाडीच्या टपावर हातातली पिशवी अशी आपटली की आतली स्टीलची बाटली चेपली. मग घरातली जुनी गाडी बाहेर काढली. ती त्या स्वतः चालवत. त्या गाडीचं वय झालं होतं. दोनदा बंद पडली, दोनदा ढकलून चालू केली. तिसऱ्यांदा ती भर पुलावर बंद पडली. मागे हॉर्नचा गदारोळ झाला. बाई खाली उतरून रस्ताभर ओरडल्या, "वाजवा! अजून जोरात वाजवा! तुमच्या हॉर्नने इंजिन चालू होत असेल तर मीच बसून वाजवते!" पोचायला उशीर झाला, तोवर मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं होतं. "उद्या या," असं काउंटरवरून सांगितलं. उद्यापर्यंत मास्तर उशांचा डोंगर करून त्याला टेकून बसले, आडवं झालं की श्वास लागत होता. बाई शेजारी बसून त्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघत होत्या. तेव्हा त्यांनी ठरवलं. गाडी नवी घ्यायची. आणि ही गाडी मला दहा वर्षं बंद पडून दाखवायची नाही.

ऐपत सगळ्यात स्वस्त गाडीची होती, आणि तीही एकदाच. ही चुकली तर दुसरी नाही.

जी गाडी परवडत होती ती बाजारात नवीनच आली होती. येऊन वर्षही झालं नव्हतं. मोठा पडदा, मागे बघायचा कॅमेरा, बटण दाबलं की सुरू. विक्रेत्याला बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "दहा वर्षांनी ही कशी असेल?"

"मॅडम, एकदम मस्त असेल."

"तुम्ही दहा वर्षं चालवली का?"

"मॅडम, गाडी तर आत्ता आली—"

"मग एकदम मस्त हे कुठून आलं?"

विक्रेत्याने पडद्याकडे बोट दाखवलं. या पडद्यावर गाणी लागतात, नकाशा दिसतो, फोन जोडता येतो. बाईंचा पारा चढला. त्या म्हणाल्या, "मला पेशंटला न्यायचं आहे, वरातीला नाही."

रविवारी मुलगा आला. तो दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा येणारा. बाईंनी त्याच्यापुढे सगळी चौकशी मांडली. बुडाखालचे जोड, रंगाचा पातळ हात, पहिल्या वर्षाची गाडी घ्यावी की थांबावं. मुलगा फोनवर बोट फिरवत ऐकत होता.

"अगं आई, दहा दहा वर्षं काय लावलं आहेस? चार-पाच वर्षं नीट चालली म्हणजे झालं ना. तेवढंच तर—"

तो थांबला. फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"तेवढंच तर काय?" बाई म्हणाल्या.

"काही नाही."

"वाक्य पुरं कर. मी कानाने अधू नाही झाले अजून."

"आई, मी सहज म्हटलं."

मास्तर खिडकीपाशी बसून छोट्या कपातला घोटभर चहा पुरवून पुरवून पीत होते. त्यांना दिवसभरात मोजकंच पाणी चाले. ते हसत म्हणाले, "अगं, त्याचं बरोबर आहे. गाडीची गॅरंटी माझ्यापेक्षा जास्त निघाली तर ती बिचारी एकटी पडेल."

मुलगा कसंनुसं हसला. बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी परत घासायला लागल्या. पोटचा पोर. यांच्या बोटाला धरून चालायला शिकला, आणि आता मनातल्या मनात बापाच्या वर्षांची वजाबाकी करून मोकळा झाला! आणि हे त्याला साथ देऊन हसताहेत! बाहेर दोघांना भांड्यांचा आवाज ऐकू जात होता. कोणी आत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विक्रेत्याचा नाद सोडला. त्यांच्या मते गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला विचारणं म्हणजे पेशंटची तब्येत बिलाच्या खिडकीवर विचारण्यासारखं होतं. त्या गेल्या त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, आणि जिथे गाड्यांचे मालक ताटकळत बसतात तिथे खुर्ची धरून बसल्या. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुमची गाडी कुठली?"

"अजून घेतली नाही."

"मग इथे?"

"घेतल्यावर तुमच्याकडेच यायचं आहे. म्हटलं, आधीच ओळख करून घ्यावी."

मुलीने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. बाई मात्र सकाळभर लोकांना बोलतं करत होत्या. ज्यांची गाडी नवी ते तिची तारीफ करत. त्यांच्याकडे बाई लक्ष देत नसत. तो नमुना. एक जाडजूड टॅक्सीवाला कोपऱ्यात डोळे मिटून बसला होता. त्याच्याकडे याच कंपनीची आधीची गाडी होती, आठ वर्षं रोज भाड्यावर चाललेली. हा खरा तिसऱ्या खेपेचा माल. बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"भाऊ, तुमच्या गाडीने कधी रडवलं?"

त्याने एक डोळा उघडला. "इंजिनाने नाही. बाकी सगळ्याने. काच वर जात नाही, एसी उन्हाळ्यात रुसतो, दाराचं रबर लोंबतं. पण वाटेत उभी नाही केली कधी."

"आणि ही जी नवी आली आहे ती?"

"ताई, इंजिन तेच आहे. तोंडाला रंगरंगोटी केली आहे नुसती. फक्त गिअर साधा घ्या. तो आपोआप बदलणारा नवा आहे, अजून कोणी झिजवून बघितलेला नाही. आधी लोकांना झिजवू दे की. तुम्हाला काय घाई?"

बाईंना तो माणूस फार आवडला. त्यांनी त्याला आपल्या थर्मासमधला चहा दिला. घरी येताना त्यांचा राग पुष्कळ उतरला होता. आता एकच राहिलं होतं. सुट्या भागांचं दुकान बघायचं. कोणता भाग मोडतो ते दुकानाची फळी सांगणार होती.

मास्तरांनाही त्यांनी बरोबर घेतलं. त्या दिवशी डायलिसिस नव्हतं आणि मास्तरांना जरा हुशारी होती. दुकान बोळासारखं लांब आणि अरुंद, छतापासून रबराचे पट्टे लोंबत होते, तेलाचा आणि नव्या रबराचा वास भरून राहिला होता. गिऱ्हाइकांची गर्दी होती. दुकानदार एका कानाला फोन लावून दुसऱ्याच कोणाला तरी पट्टा मोजून देत होता. मास्तर काउंटरपाशी, फळीलगतच्या स्टुलावर टेकले. बाई काउंटरच्या कडेने आत शिरल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

समोर हाताच्या उंचीवर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाच मापाची खोकी. त्याच कंपनीची. आधीच्या गाडीच्या आणि नव्या गाडीच्याही मागच्या चाकाचं बेअरिंग. ढिगावर ढीग.

"ही एवढी कशाला हो ठेवलीत?" त्यांनी विचारलं. दुकानदाराने फोनवर हात ठेवून "एक मिनिट" अशी खूण केली आणि पुन्हा बोलायला लागला. बाई थांबल्या नाहीत. त्यांना आणखी काही ऐकायचं नव्हतं. मागचं चाक! चालत्या गाडीचं मागचं चाक! आत पेशंट बसलेला!

त्या तिथून तडक शोरूमला गेल्या. मास्तर मागून काठी टेकत, "अगं, जरा दम खा," म्हणत येत होते.

शोरूममध्ये एक नवं जोडपं विक्रेत्यासमोर बसलं होतं. नवऱ्याच्या हातात पेन होतं. बाईंनी दारातूनच तोफ डागली.

"सही करू नका! या गाडीचं मागच्या चाकाचं बेअरिंग टिकत नाही!"

पेन थांबलं. विक्रेता उभा राहिला. "मॅडम, कोणी सांगितलं?"

"दुकान भरून पडली आहेत. भिंतभर! जे रोज मोडतं तेच माणूस भिंतभर ठेवतो. आम्हाला काय, वरून रंग फासला, पडदा बसवला की भुलतील असं वाटलं? आजारी माणसं बसतात हो यात. पोरंबाळं बसतात. चाक निखळून पडलं तर तुमचा पडदा गाणं म्हणणार आहे का?"

काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आला. "मॅडम, काही पुरावा?"

"मी आयुष्यभर फळ्या बघितल्या आहेत. मला पुरावे शिकवू नका."

विक्रेत्याचं हसू अखेर सुकलं. तो म्हणाला, "मॅडम, गेले कितीतरी दिवस तुम्ही येता. तुम्हाला मी गाडी वरून दाखवली, खालून दाखवली. आता उलटी टांगून दाखवायची तेवढी राहिली. आणि तुम्ही माझं गिऱ्हाईक उठवता?"

"उठवतेच!"

जोडपं उठलं. बायको नवऱ्याचा हात ओढत म्हणाली, "चला, आपण ती दुसरीच बघू." बाई ताठ मानेने बाहेर पडल्या. मास्तर दाराजवळच्या खुर्चीत बसून सगळं बघत होते. ते उठले, विक्रेत्याकडे बघून त्यांनी हात जोडल्यासारखं केलं, आणि निघाले.

घरी आल्यावर बाईंचा आवेश ओसरेना. वरणाला फोडणी देतानाही त्या कंपनीला फोडणी देत होत्या. मास्तर जेवले. मग ताटात बोटाने रेघा ओढत म्हणाले, "तुझ्या स्टोअरमध्ये कापसाच्या गठ्ठ्यांवर धूळ असायची का गं?"

"धूळ? माझ्या स्टोअरमध्ये? तुमच्या जिभेला काही हाड?"

"नसायचीच. का बरं नसायची?"

"का म्हणजे? रोज झाडायचे म्हणून. आणि कापूस टिकायचा कुठे धूळ बसायला! सकाळी आला की संध्याकाळपर्यंत वॉर्डात—"

बाई बोलायच्या थांबल्या.

"त्या खोक्यांवर बोटभर धूळ होती," मास्तर म्हणाले. "वरच्या खोक्यावर कोणीतरी बोटाने बेरीज केली होती. त्या आकड्यांवरही परत धूळ बसली होती. चांगली मऊ, राखाडी. ती खोकी कोणी हलवतच नाही. तुझ्याकडे जे खपतं त्याचा ढीग. त्याच्याकडे जे खपत नाही त्याचा."

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. न मोडणाऱ्या भागाला त्यांनी भर शोरूममध्ये मोडका ठरवलं होतं. एका माणसाचं गिऱ्हाईक उठवलं होतं. त्यांना तो हसरा विक्रेता, त्याचं सुकलेलं तोंड, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि मग दुसरंच काहीतरी आलं.

"तुम्हाला हे तिथे दुकानात दिसलं?"

"दिसलं."

"मग तिथेच का नाही बोललात?"

"तू भरात होतीस. तुला भरात कोण अडवतं?"

"वाटेत? शोरूममध्ये? मी तमाशा करत होते आणि तुम्ही खुर्चीत बसून चित्र बघितल्यासारखं बघत होतात. खरं काय ते सांगा."

मास्तरांनी ताट सरकवलं. त्यांचा चेष्टेचा सूर गेला होता. "मला वाटलं, राहिली गाडी तर राहिली. आहे ते गाठीशी राहील तुझ्या. जन्मभर तू साठवलंस, आणि ते सगळं मला मशीनपर्यंत नेण्यात घालवायचं? गाडी घेऊन तू काय करणार आहेस, नंतर?"

नंतर.

बाई उठल्या. खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"नंतर! सगळे मेले हिशेब करून बसले आहेत. पोराने केला, तुम्ही केला, मी एकटीच खुळी. दहा वर्षं, दहा वर्षं म्हणत दारोदार फिरते. टॅक्सीवाल्यांशी बोलते, गाड्यांखाली लोळते, लोकांची गिऱ्हाइकं उठवते. मला काय गाडीचं कौतुक आहे? माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मालाला मी विचारलं, किती टिकशील? माणसाला कधी विचारलं नाही. डायलिसिसचे डॉक्टरसुद्धा तोंडावर विचारत नाहीत. आणि तुम्ही? तुम्ही स्वतःच्या अंगावर स्वतःच तारीख छापून घेतलीत? तारीख उलटलेला माल मी फेकून द्यायचे. तुम्हाला कुठे फेकू, सांगा!"

मास्तर काही बोलायला गेले.

"हसू नका! हसलात तर याद राखा. दर एक दिवसाआड मी तुमची उलटी पुसते, तुमच्या हातावरच्या त्या शिरेला हात लावून आत रक्त वाहतंय ना बघते, आणि तुम्ही आतून निघायची तयारी करून बसलात. मला न विचारता! संसार दोघांचा, आणि हे एकट्याने ठरवलंत!"

मास्तर हसत नव्हते. एवढ्या वर्षांत बाई त्यांच्यावर शेकडो वेळा चिडल्या होत्या. उशिरा घरी आले म्हणून, रंगाचे हात पडद्याला पुसले म्हणून. हा राग त्यातला नव्हता. ते वाकून पडलेली खुर्ची उभी करायला गेले. वाकल्यावर त्यांना धाप लागली, म्हणून खुर्चीचा हात धरून तिथेच थांबले. बाईंनी मदत केली नाही.

पुढचा दिवस डायलिसिसचा होता. टॅक्सीने गेले, टॅक्सीने आले. त्यानंतरच्या सकाळी मास्तर अंघोळ करून, दाढी करून, कपडे करून दारात उभे राहिले. म्हणाले, "चल. त्या दुकानात."

दुकानात त्या दिवशी गर्दी नव्हती. बाईंनी आधीचा प्रश्न पुन्हा विचारला, पण आवाज खालचा होता. दुकानदाराने एक खोकं काढून त्यावर फुंकर मारली. धुळीचा लोट उठला. "ही? कंपनीने गळ्यात मारलीत. आधीची गाडी आली तेव्हा ढीगभर घ्यायला लावली. कोणाचं मोडलंय? वर्षात एखादं जातं. मला जागा अडते, म्हणून समोर दिसतात."

"आणि मोडतं काय?" मास्तरांनी विचारलं.

"काचेची मोटर. एसीची नळी. त्यांचं बघा, आतल्या खोलीत ठेवतो, टिकतच नाहीत. आणि तो नवा गिअर मला विचारू नका. अजून माझ्याकडे कोणी घेऊन आलंच नाही. चांगला असेल म्हणून आलं नसेल, नाहीतर मोडायला अजून वेळ असेल."

"साधा गिअर घेतोय आम्ही," मास्तर म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. 'आम्ही घेतोय' हे त्यांनी या गाडीच्या बाबतीत पहिल्यांदा ऐकलं होतं.

शोरूममध्ये बाई सरळ विक्रेत्यासमोर गेल्या. "परवा मी चुकले. बेअरिंग चांगलं आहे. त्या जोडप्याचा फोन नंबर असेल तर द्या, मी स्वतः सांगते त्यांना."

विक्रेत्याला माफीची सवय नव्हती. तो गडबडला, खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. साधा गिअर, पडदा नको, फिरत्या चबुतऱ्यावरची नको, मागच्या आवारातल्या रांगेतली मी निवडीन ती, असं बाई सांगत गेल्या आणि तो लिहीत गेला. सगळं सुरळीत चाललं होतं. मग वॉरंटीचं निघालं. कंपनीची ठरलेली होती, आणि जादा हवी असेल तर तीन प्रकारची मिळत होती. लहान, मधली, सगळ्यात लांबची.

"लहान पुरे होईल, मॅडम," विक्रेता म्हणाला. त्याला मदतच करायची होती. त्याची नजर मास्तरांच्या हातावरच्या पट्टीकडे गेली आणि लगेच कागदावर आली. "म्हणजे, सरांच्या वापराच्या मानाने एवढी लांबची काही—"

बाईंनी तोंड उघडलं. पण शब्द त्यांचा नव्हता.

"पुरे?" मास्तर म्हणाले. "कोणाला पुरे?"

"सर, मी आपलं—"

"माझा वापर तुम्हाला कोणी सांगितला? काय हो, कोणी सांगितला?" मास्तरांचा आवाज चिरका झाला. कधी ओरडायची सवय नव्हती, त्यामुळे तो नको तिथे वर जात होता. काठी जमिनीवर आपटली. "हातावर पट्टी दिसली की माणूस संपला का? तिसऱ्या वर्षी ही गाडी कुरकुरली तर मी काय करायचं? सातव्या वर्षी काच अडकली तर? दहाव्या वर्षी मी इथे येईन तेव्हा कोण असेल या खुर्चीत? तुम्ही?"

"ते... सांगता येत नाही, सर. आमच्या बदल्या होतात."

"मी असणार आहे! माझी बदली होत नाही. लांबची काढा. सगळ्यात लांबची!"

केबिनच्या काचेआड मॅनेजर उभा राहिला. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. बाई त्यांच्या बाहीला हात लावत म्हणाल्या, "अहो, हळू. रक्तदाब वाढेल."

"वाढू दे! तू गप्प बस जरा. तुझं झालं, आता मला बोलू दे." त्यांनी खुर्ची टेबलाला भिडवली आणि विक्रेत्यासमोर ठाण मांडलं. "आणि त्या बारीक अक्षरात काय छापलं आहे ते मला वाचून दाखवा. काय धरलं आहे, काय वगळलं आहे, सगळं. मोठ्याने."

"सर, ती पुष्कळ पानं आहेत. खूप वेळ लागेल."

"वाचा," मास्तर म्हणाले. "मला भरपूर वेळ आहे."

विक्रेत्याने घसा साफ केला आणि पहिलं पान उलगडलं. बाई दुसरी खुर्ची ओढून मास्तरांच्या शेजारी बसल्या आणि ऐकायला लागल्या.